पोटातल्या पाण्याचा रिपोर्ट

मैत्रिणींनो, सकाळपासून फोन हातातून सुटत नाही, म्हणून इथंच मन मोकळं करते.

मला पाचवा महिना लागलाय. रक्त तपासलं तेव्हा बाळाच्या गुणसूत्रांत दोष असल्याची शंका निघाली. म्हणून परवा सोलापूरला पोटातलं, बाळाभोवतीचं पाणी सुईनं काढून तपासायला दिलं. सविस्तर रिपोर्टला दोन-तीन आठवडे लागतात, पण मुख्य दोष आहेत का ते तीन दिवसांत फोनवर सांगणार होते. आज तिसरा दिवस.

दुपारी भूमच्या बाजारात शेजारच्या काकूंनी गाठलं. हळूच म्हणाल्या, "सोलापूरला जाऊन आलीस म्हनं. पोरगा का पोरगी?"

"तसली तपासणी नव्हती हो काकू! तो गुन्हा आहे. बाळ नीट आहे का, तेवढंच बघायचंय."

"व्हय, समद्या असंच सांगत्यात." हसून त्यांनी माझ्या पिशवीत मूठभर चिंचा टाकल्या. "आंबट खावं वाटतंय का गोड, तेवढं तर सांग."

लई राग आला. तेवढ्यात फोन वाजला. लॅबचाच होता. काकूंनी माझ्या हातातली पिशवी धरली.

"मॅडम, रिपोर्ट उद्या मिळेल."

"रिपोर्ट उद्या," मी काकूंना सांगितलं. काकूंनी पाठीवर हात ठेवला. "पोरगा-पोरगी ऱ्हाऊ दे. उद्या नुस्तं 'नीट हाय' एवढंच सांग मला."

चिंचा अजून पिशवीतच आहेत. नीट असलं तर काकूंना उंबऱ्यातूनच ओरडून सांगेन.

पण नसलं, तर तुम्ही आधी कुणाला सांगितलं असतं?