मार्थाआजींचं आमेन

मी काही लेखक नाही, तरी लिहायला बसलोय, माफ करा. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. नैरोबीत धर्मशिक्षण घेतो आणि चर्चच्या मंडळीची सेवा करतो. बाप्तिस्मे, मयती, आजाऱ्यांच्या भेटी यांत दिवस संपतो. या धावपळीत देव कुठे आहे, असं मनात यायचं, पण विचारायची लाज वाटायची.

त्या दिवशी गावी आईचं ऑपरेशन होतं आणि दादाचा फोन लागत नव्हता. तरी मंडळीतल्या, अंथरुणाला खिळलेल्या मार्थाआजींकडे गेलो. त्यांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, पण आजी आमेन म्हणेनात.

"लक्ष कुठे आहे तुझं? घरी कोण आजारी आहे?"

"आई."

"मग आता तू खाली बस, पोरा."

माझ्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी स्वतःच्या मातृभाषेत प्रार्थना केली. मला एकही शब्द कळला नाही. इतक्या जणांसाठी मी मागितलं होतं. आपल्यासाठी कुणी मागताना नुसतं बसून राहायचं, हे मात्र नवीन होतं. बरं वाटलं. आमेन आम्ही दोघांनी मिळून म्हटलं.

फाटकाशी पोचलो तोच फोन वाजला.

"आई शुद्धीवर आली," दादा म्हणाला. "चहा अगोड दिला म्हणून नर्सशी भांडतेय."