सोमवारपर्यंत नशीब काढून टाका

फुटबॉलचा कॉम्प्युटर गेम बनवणाऱ्या हिंजवडीतल्या एका छोट्या कंपनीत मी काही वर्षं काढली. अशा ठिकाणी किस्से जमवावे लागत नाहीत, आपोआप साठतात. आम्ही जुने लोक चहाला भेटलो की निघतातच.

पहिला स्वातीचा. ती आमची टेस्टर, म्हणजे गेममधल्या चुका शोधणारी; कोथरूडची, बोलायला मोजकी. पहिल्याच दिवशी तिने बग नोंदवला : 'चांगला संघ हरला.' प्रोग्रामर मेश्रामने खाली उत्तर दिलं, 'हा बग नाही. फुटबॉल आहे.'

*

मेश्राम नागपूरचा. चेंडू खांबाला लागून आत जाणार की बाहेर, असलं सगळं ठरवणारा एक प्रोग्राम त्याने लिहिला होता आणि त्याला नावच दिलं होतं, 'नशीब'. आमचे मॅनेजर जोशी सर शनिवार पेठेतले. ते म्हणाले, "ऑफिसला येताना नशीब घरी ठेवून यावं."

*

गेम बाजारात आला आणि फोन सुरू झाले. "सलग तीन मॅच हरलो! तुमचा कॉम्प्युटर चीटिंग करतो."

स्वाती शांतपणे ऐकून घ्यायची. एकदा फोन ठेवून म्हणाली, "नशिबाने जिंकलेल्या माणसाचा फोन अजून एकदाही आला नाही."

*

तक्रारी वाढल्या तसे सर वैतागले. "सोमवारपर्यंत नशीब काढून टाका. ज्याची टीम चांगली, तो जिंकेल. विषय संपला."

मेश्रामचं तोंड उतरलं. वर्षभर त्याने तेवढंच तर लिहिलं होतं. म्हणाला, "सर, दोन कंपन्यांनी मला नाकारलं. इथे मुलाखत घेणारे साहेब नेमके आजारी पडले, म्हणून तुम्ही घेतली. नशीब काढलं तर मी इथे नसतोच ना जी."

"मी तुला हुशारी बघून घेतलं," सर म्हणाले. मला मेश्रामचं फार वाईट वाटलं.

*

शनिवारी दुसऱ्या एका कंपनीशी आमची खरीखुरी मॅच होती. एक माणूस कमी पडला म्हणून सरांना उभं केलं. शेवटपर्यंत शून्य-शून्य. सर समोरच्यांच्या गोलकडे पाठ करून मेश्रामला पास कसा द्यावा हे समजावत होते. तेवढ्यात त्या संघाच्या डिफेंडरने चेंडू जोरात लांब मारला. तो सरांच्या पाठीवर आदळला आणि उलटा त्यांच्याच गोलमध्ये गेला. आम्ही जिंकलो.

सोमवारी सर म्हणाले, "नशीब कसलं? मी बरोबर जागेवर उभा होतो."

"हो सर," मेश्राम हळूच म्हणाला. "मग काढू नशीब?"

सरांनी सावकाश खुर्चीला पाठ टेकली आणि कळवळले. "राहू दे," म्हणाले.