करपलेली डाळ

डाळ करपल्याचा वास आला की बहादरपूरच्या शाळेतली ती पोरगी आठवते. मी तिथं पोरांचा स्वयंपाक करायची. पोरगी दोन महिन्यांत एक शब्द बोलली नव्हती. "मुकी दिसते. उद्या बापाला बोलावते, घरी घेऊन जाईल," मॅडम म्हणाल्या. त्याच दिवशी डाळ चुलीवर ठेवून मी तांदूळ निवडत माझ्या भावाच्या नावाची जात्यावरची ओवी गात होते. ती शेजारी येऊन बसली आणि तीच ओवी गायली, पण त्यात तिच्या भावाचं नाव घातलं. मी म्हटलं, "अगं, भाऊ माझा आहे!" ती म्हणाली, "आजी, तुझा झाला. आता माझा." आम्ही गात बसलो आणि डाळ करपली. मॅडमनी मला झापलं, पण पोरीचं गाणं ऐकून बापाला मात्र बोलावलं नाही. बोलताना अडलेली जीभ गाताना कशी सुटली, ते मला अजून कळलेलं नाही.