बिनखिळ्याची धाव

बडोद्याला नोकरीसाठी निघालो त्या सकाळी मंचरच्या स्टँडवर मी मोठ्या ऐटीत चुकीच्या, भीमाशंकरच्या एसटीत बसलो. घोडेगावला कंडक्टरने उतरवलं. ट्रंक ओढत परत आलो, तर दादा, म्हणजे माझे वडील, वर्कशॉपात बैलगाडीच्या चाकाला धाव, म्हणजे लोखंडी पट्टी, चढवत होते. मान वर न करता म्हणाले, "आलास व्हय? लई लवकर आली राव दिवाळी."

तेच विटांचं वर्कशॉप आता म्युझियम झालंय. गावात राहिलेल्यांना सवय झाली असेल. माझ्यासारख्या निघून गेलेल्यांनी मन घट्ट करून जा. जिथं कोळशाने पाय काळे व्हायचे तिथं पेव्हर ब्लॉक. भात्याला सोनेरी ऑइलपेंट. विटांना वॉर्निश! आणि मधोमध एक चाक, त्याच्या धावेला चक्क आठ स्क्रू. दादा म्हणायचे, "धावेला खिळा मारायची येळ आली, तर लोहारानं भाता इकून टाकावा."

वर्कशॉपच्या जुन्या शेटजींचा नातू पारस हे सगळं सांभाळतो. परवा बायकोला घेऊन बघायला गेलो, तेव्हा मी त्याच्यावर उखडलोच. तो शांतपणे म्हणाला, "काका, चिडू नका. खिळ्याबिगर धाव कशी बसायची, हे सांगणारं कुणी राह्यलं न्हाई. तुमी सांगा, मी रेकॉर्ड करतो. स्क्रू काढू, पाटीवर दादांचं नाव टाकू."

दादांचं नाव! मी शर्ट नीट केला, घसा खाकरला.

"आधी धाव तापवायची."

"किती?"

"चांगली."

"चाकापेक्षा लहान ठेवायची ना? किती?"

"थोडीशी."

पारसने हळूच मोबाईल खाली घेतला. दादा रोज ओरडायचे, "हितं हुबा राहून बघ," आणि मी हात काळे होतील म्हणून दारातूनच पळायचो. बडोद्यात मात्र सोसायटीभर 'आमचं वर्कशॉप' सांगून लोकांना वैताग आणलाय.

तेवढ्यात बायको पुढे झाली. लग्नानंतर मला बडोद्यात खोली मिळेपर्यंत दोन वर्षं ती इथंच होती, दादांच्या हाताखाली.

"धावेचा घेर चाकापेक्षा दोन बोटं कमी ठेवायचा. भवती गोवऱ्या रचून पेटवायच्या. मामंजी तापल्या लोखंडाला बाभळीची काडी टेकवायचे. काडीनं पेट घेतला की, 'पोरी, पाणी!' दोघांनी सांडशीनं धाव चाकावर टाकायची, मी घागर ओतायची. लोखंड आवळतं, लाकूड करकरतं. खिळा कशाला लागतोय?"

पारसने सगळं रेकॉर्ड केलं. पाटीवर दादांचं नाव येणार, आणि खाली सांगणारीचंही.

परतताना हायवेच्या ट्रॅफिकमध्ये मी धुमसत होतो. ज्या घरासाठी तीस वर्षं झुरलो, त्यातलं निम्मं मला ठाऊकच नव्हतं. शेवटी म्हणालो, "एवढं येत होतं, तर कधी बोलली का नाहीस?"

ती म्हणाली, "तुमी गाव एकदाच सोडलं, अन् तवापास्नं त्येच ऐकवताय. मी आधी माहेरचं पारगाव सोडलं, मग मंचर. मधी बोलायला जागा कुठं व्हती? आता गाडी घ्या पुढं, मागचा हॉर्न वाजवून दमला."