इंदुमतीबाईंचा क्रोन

तर काल आपण कुठवर आलो होतो? हां, इंदुमतीबाईंच्या राजनने जेवता जेवता कॉन्डो, म्हणजे तिचा राहता फ्लॅट, विकायचा कागद काढला, तिथवर. तो कागद त्याने वरणाच्या पातेल्याशेजारी ठेवला आणि म्हणाला, "आई, फक्त सही कर. सस्काटूनला आमचं बेसमेंट तयार आहे. एक घर, एक ग्रोसरी. युरोपने नाही का सगळ्यांचं एकच चलन केलं?"

झालं. मी शेजारी म्हणून तिथेच जेवायला होतो; घास खाली ठेवला. आता ऐकण्यासारखं होतं.

कारण ही बाई इथे कॅनडात, हॅलिफॅक्सच्या बंदराजवळ चलन बदलून देणाऱ्या खिडकीत सव्वीस वर्षं बसलेली. अठ्ठ्याहत्तर साली नवऱ्यामागून कराडहून आली आणि तो गेल्यावर हा कॉन्डो तिने एकटीच्या पगारावर घेतला. दोन हजार दोनमध्ये युरोच्या नोटा आल्या आणि तिच्या ड्रॉवरमधून जर्मनीचा मार्क गेला, फ्रान्सचा फ्रँक गेला, इटलीचा लिरा गेला. डेन्मार्कचा क्रोन आणि स्वीडनचा क्रोना मात्र आपापल्या कप्प्यात राहिले. क्रूझ जहाजांवरचे प्रवासी येऊन तिलाच शिकवायचे, आता युरोपभर युरोच. घरी येऊन ती तासभर धुमसायची.

"सगळ्यांचं?" बाईंनी डाव टेबलावर आपटला. "डेन्मार्कने मतदान घेऊन नको म्हटलं. स्वीडननेही. ग्रीस बुडायला लागला, तेव्हा त्याला ना चलन स्वस्त करता आलं, ना व्याजाचा दर आपल्यापुरता उतरवता आला. दुसऱ्यांच्या दारात ताटकळला. दोन हजार आठच्या मंदीत स्वीडनचा क्रोना घसरला, तर त्यांचा माल बाहेर स्वस्त पडला. तेवढा तरी आधार झाला."

"आई, मी घराबद्दल बोलतोय."

"मीपण. तुझ्या बेसमेंटमध्ये हीटिंग किती ठेवायचं, ते कोण ठरवणार? थर्मोस्टॅट वर, तुझ्या बायकोच्या, उमाच्या खोलीबाहेर. मी खाली दोन स्वेटर घालून बसू?"

राजन माझ्याकडे वळला. "शिवरामकाका, तुम्ही तरी सांगा."

"मी सातवी पास, बाबा," म्हटलं. "मला जरा लोणचं वाढ."

पण पोरगंही तिचंच. म्हणालं, "डेन्मार्कचा क्रोन तर युरोलाच बांधलेला आहे. युरोपने दर हलवला की यांचाही हलतो. मग वेगळा ठेवून मिळवलं काय?"

खरं सांगतो, मला वाटलं बाई अडकल्या. त्यांचे कान लालबुंद झाले होते. त्यांनी कागदाची घडी घातली, त्यावर नखाने दाबून दाबून रेघ ओढली आणि तो राजनच्या खिशात खुपसला.

"बांधलाय, पण गाठ त्यांनी स्वतः मारलीय आणि नको झाली तर तेच सोडतील. मी दर हिवाळ्यात येईन, तुझ्या पोरांचे डबे करीन, उमाचं ऐकूनही घेईन. पण परतीचं तिकीट माझ्या पर्समध्ये असेल आणि या घराची किल्लीसुद्धा. हा कागद विमानात वाच, वेळ जाईल."