स्मरणार्थ शिवलेले पट्टे

हसायचंच असेल तर आधी हातातला चहा खाली ठेवा, चादर कालच धुतली आहे. कारण आता जे सांगणार आहे, त्यात दोष द्यायला माझ्याशिवाय दुसरं कोणी नाही.

आमची नात सई दुसरीत. धायरीतल्या तिच्या शाळेच्या बसला सीटबेल्टच नव्हते. एकदा ड्रायव्हरनं कचकन ब्रेक मारला आणि पोरीचं कपाळ पुढच्या दांडीवर आपटलं. ते टेंगूळ बघून माझं डोकं फिरलं. शाळा म्हणाली, पैसे नाहीत. मी म्हणालो, मी उभे करतो. आयुष्यभर कचेरीत कारकुनी केलेला माणूस, मला काय अशक्य!

वर्गणी मागायला गेलो, तर जो तो एकच विचारी, नाव कुठे येणार? आपल्याकडे बाकावर नाव, पंख्यावर नाव, पाणपोईवर नाव. मग पट्ट्यावर का नको? मी सांगून टाकलं, प्रत्येक पट्ट्यावर तुमच्या आईवडिलांचं नाव शिवून देतो. काय सांगू, आठवड्यात सगळ्या सीटा भरल्या! उरली फक्त शेवटची. तिचा खर्च मी केला आणि हौसेनं माझंच नाव घातलं.

यादी मीच लिहिली, मीच तपासली. वारज्यात गाड्यांच्या सीटा शिवणारे सलीमभाई आहेत, त्यांना नेऊन दिली. एक अक्षर इकडचं तिकडे होता कामा नये, असा दमही भरला.

सोमवारी बस फाटकाशी लागली. पालक आत डोकावले आणि आपापली पोरं खाली उतरवू लागले. का? तर प्रत्येक पोराच्या पोटावर 'कै. अमुक तमुक यांच्या स्मरणार्थ'!

एक बाई शांतपणे मला म्हणाल्या, "काका, आमचा चिन्मय अजून हयात आहे."

आली का पंचाईत! पट्टे काढावेत तर सईचं कपाळ पुन्हा दांडीवर, ठेवावेत तर बस रिकामी. मग मी भाषण ठोकलं. अहो, नाव वाचून कोणाला काही होतं का? हे तर वडीलधाऱ्यांचे आशीर्वाद!

"मग आधी आपण बसून दाखवा," त्याच बाई म्हणाल्या.

बसलो. शेवटच्या सीटवर, ऐटीत, खटकन पट्टा लावला. बघा म्हटलं, झालं का काही?

सई शेजारीच उभी होती. दिसेल ते मोठ्यानं वाचायची तिला सवय. "कै. वसंत दामोदर मोकाशी यांच्या स्मरणार्थ." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आजोबा, हे तर तुम्हीच."

हसण्यानं अख्खी बस हलायला लागली, इंजिन बंद असताना.

मी तिथूनच सलीमभाईंना फोन लावला, तावातावानं. त्यांनी यादी वाचून दाखवली. पहिल्या ओळीत 'कै.' आणि 'यांच्या स्मरणार्थ'. त्याखाली प्रत्येक नावापुढे, अगदी शेवटच्यासुद्धा, माझ्याच वळणदार अक्षरात 'वरीलप्रमाणे'. कारकुनाचा हात, दुसरं काय!

"शंका आली होती, काका," सलीमभाई म्हणाले. "पण यादी द्यायला आपण स्वतःच आला होतात. विचारणार कसं?"

एक बरं झालं, हसता हसता पालकांनी पोरं पुन्हा बसवली. पुढे सलीमभाईंनी सगळी नावं पट्ट्यांवरून काढून सीटांच्या पाठीवर शिवून दिली. माझं तेवढं सईनं काढू दिलं नाही. रोज सकाळी मी स्वतः तिला बसमध्ये चढवतो, आणि ती माझ्या स्मरणार्थ बसून शाळेला जाते.