चिमणीवाल्या सरांची दोन मिनिटं

“दोन मिनटं हायेत काय तुमच्यापाशी?”

एक पाय दुकानाच्या पायरीवर आणि दुसरा खाली रस्त्यावर, असे उभे राहून सर विचारायचे. कोणी नाही म्हटलंच तर लगेच मागे फिरता यावं म्हणून. बालाघाटच्या बसस्टँडजवळ माझं फ्लेक्स छपाईचं दुकान आहे. माझ्याकडे येणारं गिऱ्हाईक गाडीवरूनच ओरडतं, “भैया, शाम तक चाहिए!” आपल्याला वेळ आहे का, असं विचारणारा माणूस मला एवढ्या वर्षांत एकच भेटला. आणि खरं सांगायचं तर त्याला दोन मिनिटं कधी पुरलीही नाहीत.

सर इथल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. आमच्या मध्य प्रदेशात अशा मास्तरांना ‘अतिथी विद्वान’ म्हणतात. नाव असं भारदस्त, की वाटावं यांना रोज पाट मांडून जेवायला वाढत असतील. अर्थ मात्र एवढाच, की पक्क्या नोकरीचा माणूस येईपर्यंत तुम्ही शिकवा आणि तो आला की निघा. सरांचे केस पिकले तरी ते अतिथीच होते. लग्न केलं नव्हतं. वडील जंगल खात्यात होते. त्यांच्या बदल्यांमुळे सरांचं लहानपण परसवाड्याकडच्या सरकारी क्वार्टरांमध्ये गेलं. आपलं म्हणावं असं घर त्यांना कधी झालंच नाही. एक भाड्याची खोली, मेसचा डबा आणि रविवारी लालबर्ऱ्याची बस, एवढा त्यांचा संसार.

लालबर्ऱ्याला ते चिमण्या मोजायला जायचे. तुम्ही हसाल, मीही हसलो होतो. तिकडे राइस मिल बऱ्याच आहेत. सर नाकातोंडाला गमछा बांधून, गळ्यात दुर्बीण अडकवून मिलच्या आवारात बसायचे. पहिल्या दिवशी एका मिलवाल्या शेठला वाटलं, कुठल्या तरी खात्याचा साहेब तपासणीला आला. त्यानं खुर्ची टाकली, चहा मागवला, वर बिस्किटं. शेवटी भीतभीत विचारलं, “साहेब, काय पाहून राह्यले?”

“चिमण्या,” सर म्हणाले.

पुढच्या रविवारी चहा आला नाही. खुर्ची मात्र राहिली, आणि सरांचं नाव पडलं ‘चिमणीवाले सर’. हा चहाचा किस्सा सर स्वतःच सांगायचे आणि सांगताना इतके हसायचे, की गमछ्यानं डोळे पुसायला लागायचे.

एकदा ते आले आणि दोन्ही पाय पायरीवर ठेवले. तेव्हाच मी ओळखलं, आज काहीतरी मोठं आहे. जबलपूरला वैज्ञानिकांची परिषद भरणार होती. तिथे सरांच्या चिमण्यांना जागा मिळाली होती. भाषणाची नव्हे, पोस्टरची. म्हणजे आपलं संशोधन एका मोठ्या कागदावर छापायचं, ते तिथं लावायचं, त्याच्या बाजूला उभं राहायचं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला समजावून सांगायचं.

“म्हणजे फ्लेक्सच ना, सर,” मी म्हटलं.

“हौ. फक्त त्याच्यावर हार्दिक शुभेच्छा नाही राहत.”

मग आमचं युद्ध सुरू झालं. सरांना त्या एका फ्लेक्सवर आयुष्यभराचं सगळं ज्ञान बसवायचं होतं. अक्षरं अशी बारीक, की वाचायला दुर्बीण लागावी. मी म्हटलं, “सर, फ्लेक्स पाहणारा माणूस मोटारसायकलवर असते. त्याले चार शब्द दिसते. पाचवा त्याच्या डोक्यावरून जाते.”

“अहो भाऊ, तिथं मोटारसायकलवर कोन येते? सायंटिस्ट लोक हायेत ते. थांबून वाचतीन.”

मला पिवळ्यावर लाल पाहिजे होतं, त्यांना फिक्कट निळं. मी फुलांची किनार टाकायचो, ते काढायला लावायचे. अशी बरीच भांडणं झाली. शेवटी सगळं जमलं, आणि माझ्या हातांनी सवयीप्रमाणे एक काम केलं. बालाघाटात विनाफोटोचा फ्लेक्स कोणी पाहिला आहे का? सरांचा एक फोटो माझ्या मोबाइलमध्ये होता. नमस्कार करताना काढलेला. तो मी खालच्या कोपऱ्यात बसवला, हात जोडलेला, नेतेमंडळींचा असतो तसा.

सरांनी पडद्यावर पाहिलं. “हे काय?”

“तुमचाच फोटो. काढू काय?”

ते बराच वेळ बघत राहिले. आधी हसले, मग पडद्याजवळ वाकले. शहरात जिकडेतिकडे चेहरे लटकलेले असतात. कोणाचा वाढदिवसाचा, कोणाचा नव्या पदाचा. या माणसाचा चेहरा कुठेही, कधी लागला नव्हता.

“राहू द्या,” ते म्हणाले.

छपाई झाल्यावर मी चारही कोपऱ्यांना रिंगा ठोकल्या, सुतळी दिली. आणि मग सरांची तालीम सुरू झाली. रोज कॉलेज सुटलं की काउंटरसमोर उभे राहायचे. “दोन मिनटं हायेत काय?” पोस्टरमध्ये एकामागोमाग एक चौकोन होते. पहिल्या चौकोनाशी माझा फोन वाजायचा. दुसऱ्याशी एखादं गिऱ्हाईक येऊन आपल्या फ्लेक्सवर कोणाचा फोटो मोठा असावा यावर वाद घालायचं. तिसऱ्याशी वीज जायची. सर गमछा खांद्यावर टाकून म्हणायचे, “उद्या.” शेवटच्या चौकोनापर्यंत आम्ही एकदाही पोचलो नाही.

एकदा निघता निघता म्हणाले, “भाऊ, मले बक्षीस नाही पाह्यजे. एकानं जरी शेवटपर्यंत ऐकलं ना, तं झालं माझं काम. इतकी वर्षं करून राह्यलो, पण पूर्ण कोनंच नाही ऐकलं.”

माझ्या छपाईच्या मशीनचं शाई सोडणारं हेड बिघडलं होतं. ते जबलपूरला दुरुस्तीला न्यायचंच होतं. म्हणून मी सरांबरोबरच रेल्वेनं निघालो. ते हेड टॉवेलात गुंडाळून माझ्या मांडीवर, आणि सरांच्या मांडीवर फ्लेक्स घातलेला प्लास्टिकचा लांब पाइप. लामत्याला चढलेला एक गृहस्थ पाइपकडे पाहून म्हणाला, “बोरिंगचं काम करता काय?” सरांनी त्यालाही दोन मिनिटं विचारली. त्याला नैनपूरला उतरायचं होतं, म्हणजे वेळच वेळ. तो पहिल्या चौकोनातच झोपला. सर हळू आवाजात पुढे सांगत राहिले, मग तेही खिडकीबाहेर पाहू लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सरांना परिषदेच्या दारात सोडलं, हेड दुरुस्तीच्या दुकानात दिलं आणि दुपारी परत गेलो. पोस्टर कुठे आहेत म्हणून विचारलं, तर कोणी बोट दाखवलं ते जेवणाच्या मांडवाकडे. पोस्टरांची वेळ आणि जेवणाची वेळ एकच ठेवलेली. मांडवाकडे जाणाऱ्या व्हरांड्यात लाकडी तक्ते उभे केले होते. इतरांचे गुळगुळीत कागद कूलरच्या वाऱ्यानं चिकटपट्टीतून सुटून लोंबत होते. सरांचा फ्लेक्स मात्र माझ्या रिंगांनी आणि सुतळीनं घट्ट ताणलेला. मला बरं वाटलं.

सर त्याच्या बाजूला उभे होते. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, हातात काडी. बाकीच्या पोस्टरवाल्यांनी केव्हाच ताटं घेतली होती.

मी खांबाआड थांबून पाहत राहिलो. लोक ताट घेऊन येत होते, जात होते. जो येईल त्याच्याकडे पाहून सर थोडे पुढे व्हायचे, तोंड उघडायचे, आणि तो माणूस निघून जायचा. एकानं विचारलं, “हाथ धोने का किधर है?” सरांनी काडीनंच दिशा दाखवली. एका मुलीनं पोस्टरवरच्या चिमणीच्या फोटोपुढे सेल्फी काढली. कोणीतरी रिकामा ग्लास सरांच्या तक्त्याच्या पायाशी ठेवून गेला. तो सरांनी वाकून उचलला आणि बाजूला नेऊन ठेवला. मग दोन परीक्षक आले. सर म्हणाले, “दो मिनट हैं, सर?” त्यातल्या एकाचं लक्ष कोपऱ्यात गेलं. “ये फोटो क्यों लगाया है?”

“ताकि मालूम रहे, सर, कि पूछना किससे है.”

दोघंही हसले, कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढच्या तक्त्याकडे गेले. चिमण्यांबद्दल विचारलं कोणीच काही नाही.

मी जवळ गेलो. “सर, जेवून घ्या. मी थांबतो इथं.”

“नको भाऊ. मी जेवायले गेलो अन् तेवढ्यात कोनी आलं तं?”

मला फार वाईट वाटलं. रागही आला, पण कोणावर काढायचा? सगळे भले लोक होते, त्यांना भूक लागली होती. मी व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेलो, शर्ट खोचला, हात मागे बांधले आणि परिषदेला आलेल्या माणसासारखा सावकाश चालत परत सरांच्या तक्त्यासमोर येऊन थांबलो.

“सर, ज़रा समझाएँगे?”

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता म्हणतील, काहून मजाक करून राह्यले भाऊ. पण त्यांनी ओळखपत्र सरळ केलं, घसा साफ केला. “जी सर. दो मिनट हैं आपके पास?”

“हैं,” मी म्हटलं.

आणि त्यांनी सांगितलं. त्या पोस्टरचं अक्षर न् अक्षर मी टाइप केलं होतं, पण ऐकलं त्या दिवशी पहिल्यांदा. जुन्या मिलमध्ये चिमण्या आहेत, नव्या मिलमध्ये नाहीत. लोक म्हणतात, दाणा कमी झाला. तर दाणा दोन्हीकडे आहे. धान वाळत पडतं, कनकी, म्हणजे तांदळाचा चुरा, सांडते. फरक भिंतीत आहे. जुन्या मिलला विटांच्या फटी आहेत, वर कवेलू, म्हणजे कौलं आहेत, त्यांच्याखाली घरटं बसतं. नवी मिल पत्र्यानं चारही बाजूंनी बंद. चिमणी येते, दाणे टिपते, संध्याकाळी जागा शोधते, सापडत नाही, आणि एक दिवस येतच नाही. शेवटच्या चौकोनावर काडी ठेवून सर म्हणाले, “पेट भरने की जगह है, सर. रहने की नहीं है.”

काडी खाली आली. “कोई प्रश्न, सर?”

प्रश्न विचारायचा असतो हे मला माहीत नव्हतं. पण खरंच एक मनात आला होता. “फिर वो जाती कहाँ हैं?”

सर थांबले. पोस्टरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “मालूम नहीं, सर. इस पर अभी किसी ने काम नहीं किया है.” आणि मग असे हसले, की त्यांच्या चेहऱ्यावरचा तो सगळा दिवस उतरून गेला.

परतीच्या गाडीत आम्ही वडे खाल्ले. सरांनी माझ्यापेक्षा जास्त खाल्ले. म्हणाले, “भाऊ, तुमचं खरं होतं. तिथंबी सारे मोटारसायकलवरच होते.” थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, “पन प्रश्न चांगला इचारला तुमी. पुढच्या वेळी त्याच्यावरच करू. कुठं जातेत ते.”

पुढची वेळ आली नाही. त्याच वर्षी कॉलेजात पक्का माणूस रुजू झाला. भला पोरगा होता म्हणे; त्यानं सरांना खुर्ची दिली, चहा पाजला. सर दुकानात आले तेव्हा खांद्यावर तो पाइप होता. एक पाय पायरीवर, एक खाली. “रूम खाली केली, भाऊ. हे लंबं आहे, बसमध्ये लोकाइले लागते. ठेवा तुमच्यापाशी.”

“जाणार कुठं, सर?”

“यादी निघन. जिथं जागा खाली असन, तिथं.”

सुरुवातीला दोनदा फोन आला. पार दुसऱ्या टोकाचा कुठला तरी जिल्हा होता. तिथेही पक्का माणूस येणार असल्याचं ऐकलं होतं म्हणाले. नंतर नंबर बंद झाला. कॉलेजात विचारलं, त्यांना माहीत नाही. खोलीच्या मालकाला विचारलं, त्यालाही नाही. माझ्यासारख्या बडबड्या माणसाचं दुकान दिवसभर भरलेलं असतं, तरी संध्याकाळी कॉलेज सुटायच्या वेळी मला अजून पायरीकडे पाहायची सवय आहे.

फ्लेक्स मी दुकानातच लावला, काउंटरच्या मागे. गिऱ्हाइकं विचारतात, “ये कौन से वार्ड के नेता हैं?” मी म्हणतो, “दोन मिनटं हायेत काय?” कोणाकडे नसतात.

परवा लालबर्ऱ्याचा तो मिलवाला शेठ आला. जुनी मिल पाडून नवी बांधली, तिच्या उद्घाटनाचा फ्लेक्स पाहिजे होता. खुर्चीवर बसताना त्याची नजर वर गेली. “अरे, हे तं आपले चिमणीवाले सर!”

मी त्याला विचारलं, दोन मिनिटं आहेत का. तो हौ म्हणाला. मी फोन बंद केला, फूटपट्टी घेतली आणि पहिल्या चौकोनापासून सुरुवात केली. शेठ उठून उभा राहिला आणि शेवटपर्यंत ऐकत राहिला. शेवटच्या चौकोनाला त्यानं मान खाली घातली. म्हणाला, “नव्या मिलले चारी बाजूनं पत्राच ठोकला, भाऊ.” मग थोडा वेळ त्या हात जोडलेल्या फोटोकडे पाहत राहिला.

“अन् सर कुठं गेले?”

“मालूम नाही, शेठ,” मी म्हटलं. “त्याच्यावर अजून कोनं काम नाही केलं.”